आधी पाणी, मग पाहुणा

करोल बागेतले तिसऱ्या मजल्यावरचे एक घर. जून महिना. बैठकीतली काचेची टाकी रिकामी आहे आणि दहा वर्षांची लेक जेवायला तयार नाही. तिचे दोन्ही लाडके अ‍ॅक्सोलॉटल एका आठवड्यात दगावले. ‘‘बाबा, दुसरे आणू या ना! इथेच कुणीतरी पैदास करत असेल,’’ ती म्हणते. लेकीचे डोळे पुसण्यासाठी बाबा लगेच चौकशीला लागतात. घाई नडते ती इथेच.

अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नव्हे. मेक्सिको शहरातल्या शोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा उभयचर प्राणी. डोक्यामागे पिसांसारखे कल्ले, शिवाय तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची किमया! मात्र त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे गार पाणी लागते. पाणी २४ अंशांच्या वर गेले की तो अन्न सोडतो, आजारी पडतो. दिल्लीत जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वरच्या मजल्यावरची टाकी कोमट होणारच.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो निकामी करणारे जिवाणू नव्या टाकीत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही घातकच. म्हणून आधी आधीचे प्राणी कशाने गेले ते शोधा. पाणी गार ठेवणारे यंत्र बसवा, पाणी तपासा.

मग पैदास करणारा शोधा, आणि तो शक्यतो जवळचा. उन्हातला लांबचा प्रवास या प्राण्याला सोसत नाही. त्याच्या घरी जाऊन टाक्या पाहा. पिल्लू तुमच्यासमोर खाते का? कल्ले भरदार आहेत का? तुमच्या टाकीचे तापमान तो स्वतःहून विचारतो का? न विचारणाऱ्याकडून घेऊ नका.

कागदपत्रेही पाहा. शोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल होते; २०१४ मध्ये जेमतेम ३६ उरले. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. भारतातही वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर होते.

तोवर लेकीच्या हाती थर्मामीटर आणि वही द्या. रोज सकाळी व दुपारी तिने पाण्याचे तापमान लिहावे. भर उन्हाळ्यातही महिनाभर आकडा १८ च्या आत राहिला, तर नवा पाहुणा आणायला हरकत नाही. अ‍ॅक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षे जगू शकतो. त्याला प्रत्येक जून काढायचा आहे. यंत्राचा खर्च झेपत नसेल, तर तसे लेकीला मोकळेपणाने सांगा आणि त्याच टाकीत उष्मा सोसणारे गप्पी मासे सोडा.