गेटवरची तपासणी

वाळूजमध्ये 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांच्या शेड उभ्या राहिल्या. लाइनवरचा फिटर हातातला भाग कोणत्या शेडमधून आला हे विचारत बसत नाही. पार्ट नंबर आणि रिव्हिजन जुळले की त्याचे काम सुरू. त्याला हे परवडते, कारण भाग गेटमधून आत येताना इनकमिंग इन्स्पेक्शनवाल्याने गेज लावलेला असतो.

आपल्या सॉफ्टवेअरच्या बिल्ड फाइलींना यातली निम्मीच शिस्त लागली आहे.

ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये बाहेरचे प्लगइन घ्यायचे तर पूर्वी काय सोपस्कार होते, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. बिल्डस्क्रिप्टचा वेगळा ब्लॉक उघडायचा, रिपॉझिटरी सांगायची, क्लासपाथवर ग्रुप, नाव, आवृत्ती लिहायची आणि मग खाली अप्लाय करायचे. त्यातही वर लिहायचे ते जारचे नाव, खाली लिहायचे ते प्लगइनचे, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. नव्या मुलाला हे समजावण्यापेक्षा ‘मागच्या प्रोजेक्टमधून उचल’ म्हणणे सोपे होते. आपण सगळ्यांनी तेच म्हटले.

2014 मध्ये ग्रेडल 2.1 सोबत प्लगइन्स ब्लॉक आला. आयडी आणि आवृत्ती, संपले. या ब्लॉकमध्ये इफ किंवा लूप लिहू देत नाहीत, म्हणून अनेकांनी तेव्हा नाके मुरडली. पण तो ब्लॉक बाकीच्या स्क्रिप्टच्या आधी वाचला जातो, आणि त्यात साधी घोषणाच असल्यामुळे काय लागणार आहे ते टूलला आधीच कळते. ही बंधनेच त्याची खरी कमाई आहे. सुरुवातीला मात्र कंपनीच्या आतल्या प्लगइनांची पंचाईतच होती. पुढे सेटिंग्ज फाइलमध्ये प्लगइनमॅनेजमेंट आले, तेव्हा कुठे स्वतःची रिपॉझिटरी सांगायची सोय झाली. आयडीवरून खरा जार शोधायला ‘मार्कर’ नावाची एक छोटी पॉम फाइल असते. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये पार्ट नंबरसमोर व्हेंडरचे नाव लिहिलेले असते, तसेच हे. मेव्हनवाल्यांनी हसू नये. तिथे प्लगइनची आवृत्ती लिहायची राहिली तर बिल्ड थांबत नाही, पिवळ्या अक्षरांत ताकीद तेवढी येते, आणि ती कोण वाचतो?

म्हणजे पार्ट नंबर आला, रिव्हिजन आला. गेटवरचा माणूस मात्र अजून आपण नेमलेला नाही.

प्लगइन ही लायब्ररीपेक्षा जास्त जपून घ्यायची गोष्ट आहे. ते बिल्ड चालवणाऱ्याच्या अधिकारांनी चालते. सीआय सर्व्हरवरच्या साइनिंग की आणि पासवर्ड त्याच्या हाताच्या अंतरावर असतात. शिवाय ते कुठून येते याचा विसर पडायला एक ओळ पुरते. जेसेंटर या रिपॉझिटरीचे नाव, एकच शब्द, अँड्रॉइड प्रकल्पांच्या साच्यातच छापलेले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये ती चालवणाऱ्या जेफ्रॉगने ती बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपले निम्मे भाग त्या दाराने येत होते हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

ग्रेडल 6.2 पासून, म्हणजे 2020 पासून, डिपेंडन्सी व्हेरिफिकेशन आहे. चेकसम आणि विश्वासातल्या सह्यांच्या की एका फाइलमध्ये ठेवा, न जुळणारा जार बिल्ड अडवतो, आणि यात प्लगइनांचे जारही येतात. मान्य, ही फाइल लांबलचक होते. आणि ती आपोआप तयार करून घेतली तर त्या दिवशी जे उतरले तेच बरोबर ठरते. गेज लावण्याऐवजी आलेल्या मालाचेच माप गेजवर कोरल्यासारखे. म्हणून निदान प्लगइनांच्या नोंदी तरी एकदा माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात. रिपॉझिटरींची यादी सेटिंग्ज फाइलमध्ये, एकाच जागी. प्रत्येक मॉड्यूलने आपले वेगळे दार काढू नये.

आपल्या चिकलठाण्यातल्या टीमांना आणखी एक सुचवायचे आहे. दहा प्रकल्पांत तीच चाळीस ओळींची नक्कल फिरत असेल तर तिचे आतल्या वापरासाठी प्लगइन करा. आयडी स्वतःच्या डोमेनवरून घ्या आणि वापराची ती एक ओळ रीडमीच्या अगदी वर लिहा. ते सर्वांसाठी प्लगइन पोर्टलवर टाकायचे ठरले, तर नव्या प्लगइनची पहिली आवृत्ती तिथे माणसे तपासतात. तेव्हा ग्राहकाला त्याच संध्याकाळचा वायदा करू नका.