कथेतले नायक झोपतात कधी?

कथेतल्या नायकांना सारे काही येते. झोप तेवढी येत नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, अर्थात फुरसुंगीचा फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. सायकलवरून भरधाव निघावे, चोराचा माग काढावा, तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढून पुढच्या संकटाला सामोरे जावे, हा त्याचा खाक्या. बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडाचे राज्यच मुळी अंधाराचे. दूरदर्शनवर १९९७ साली अवतरलेला शक्तिमान एरवी गंगाधर नावाचा वेंधळा वृत्तपत्र-छायाचित्रकार असतो. अमेरिकेत १९३९ साली जन्मलेला बॅटमन दिवसा धनाढ्य गृहस्थ आणि रात्री नगररक्षक. तर १९६२ सालचा स्पायडरमॅन हा तर शाळकरी पोरच. या मंडळींच्या दिनक्रमाचा कोणी कागदावर हिशेब मांडला, तर चोवीस तासांत शाळा, नोकरी, पाठलाग, मारामारी या सर्वांचे रकाने भरतील आणि झोपेचा रकाना कोरा राहील.

यात कथाकारांचा दोष नाही. निजलेला नायक कथेला पुढे नेत नाही, म्हणून लेखक त्याची झोप दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत ढकलून देतो. प्रौढ वाचकाला ही सोय कळते. शाळकरी वाचक मात्र त्या सोयीलाच शौर्याचा नियम समजतो. जो जागतो तो वीर आणि जो झोपतो तो आळशी, असे समीकरण त्याच्या मनात नकळत तयार होते. परीक्षा जवळ आली की कोणत्याही वसतिगृहात ‘मी काल नाइट मारली’ हे वाक्य पराक्रमाच्या सुरात ऐकू येते, त्याचे मूळ इथे आहे. माझ्या मते ही समजूत विद्यार्थ्याचे नुकसान करणारी आहे. आणि बौद्ध विचारांवर उभ्या असलेल्या निवासी शाळेने तर ती निःसंकोचपणे खोडून काढली पाहिजे.

क्वचित एखादी कथा खरे बोलते. २००४ साली आलेल्या ‘स्पायडरमॅन २’ या चित्रपटात पीटर पार्कर रात्री शहर वाचवतो आणि दिवसा वर्गात उशिरा पोहोचतो. प्राध्यापक त्याला सुनावतात, पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी सुटते, आणि अखेर त्याच्या अंगची विलक्षण शक्तीच त्याला ऐन वेळी दगा देऊ लागते. कल्पनेतल्या नायकालाही शरीराचे देणे चुकवावे लागते, हे त्या कथेने मान्य केले. वास्तवातले उदाहरण याहून बोलके आहे. रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९६३ची अखेर आणि १९६४चा आरंभ या काळात, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, सलग २६४ तास म्हणजे अकरा दिवस जागून दाखवले. त्या काळात त्याची एकाग्रता ढळली, स्मरण अडखळू लागले, स्वभाव चिडचिडा झाला. पुढे गिनेस बुकाने अशा विक्रमांची नोंद घेणेच थांबवले, कारण त्यात आरोग्याला धोका आहे. जागरणाचा विक्रम हा विक्रम मानू नये, असा हा निवाडा आहे.

शरीरशास्त्र काय सांगते, हेही विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट मांडले पाहिजे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली केलेल्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास, तर तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. दिवसभरात वाचलेले, ऐकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेत चालते. वाढीला लागणारे संप्रेरकही गाढ झोपेत अधिक स्रवते. म्हणजे रात्रभर जागून पाठांतर करणारा विद्यार्थी एका हाताने रांजण भरतो आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तळाला भोक पाडतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आपल्या शाळेत येणारी मुले कुठून येतात? घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यातल्या वस्त्यांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून अनेक जण येतात. मध्यरात्रीनंतरच्या शेवटच्या लोकलने कोणाचे वडील घरी परततात, तर पहाटे चारच्या सुमाराच्या पहिल्या लोकलने कोणाची आई कामाला निघते. मुंबईच्या रात्रशाळांत दिवसभर राबलेली मुले संध्याकाळी पाटी-पुस्तक घेऊन बसतात. ज्यांच्या वाट्याला एवढाच वेळ आला त्यांना झोपेचे धडे द्यायचे, ही सुखवस्तू माणसांची चैन नव्हे काय? आणि बाबासाहेब रात्र-रात्र जागले नसते, तर आपण आज कुठे असतो?

बाबासाहेबांचेच उदाहरण नीट पाहू. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सारे आंबेडकर कुटुंब राहत होते. भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जात. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः अंग टाकत. दिव्याच्या उजेडात तो अभ्यास पहाटेपर्यंत चाले. ही हकिकत आपण मुलांना सांगतो ती बहुधा ‘भीमराव दोन वाजता उठत’ एवढीच. अर्धी गोष्ट आपण गाळतो. त्या बापाने मुलाची झोप तोडली नव्हती, तर तिची वेळ बदलली होती. दोघांना एकाच वेळी निजायला पुरेल एवढी जागाच त्या खोलीत नव्हती. मुलाला आधी झोप मिळावी म्हणून बाप जागा राहिला. या हकिकतीतला त्याग रामजींचा आहे, आणि तिच्या मुळाशी जागेची टंचाई आहे.

ते दोन वाजताचे उठणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी पुढे काय केले? समाजातल्या प्रत्येक मुलाने दोनला उठावे, असा नियम त्यांनी घातला नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे जावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग चालवले गेले. मुलांचे जागरण वाढवण्याऐवजी त्यांनी संस्था उभारल्या. निवासी शाळेचा जन्मच मुळी या विचारातून झाला आहे: चाळीतल्या खोलीत जे मिळत नव्हते ते, म्हणजे पोटभर अन्न, स्वतःचा दिवा आणि अंथरूण पसरायला स्वतःची जागा, विद्यार्थ्याला मिळावे. त्या जागेवर येऊन विद्यार्थी पुन्हा जागरणाचीच प्रौढी मिरवू लागला, तर वसतिगृहाचा हेतूच हरवला असे म्हणावे लागेल. पुढच्या आयुष्यात बाबासाहेबांनी असंख्य रात्री ग्रंथांसोबत काढल्या हे खरे. मधुमेहाने आणि अधू दृष्टीने त्यांचे शरीर पोखरले हेही तितकेच खरे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना गमावले. त्यांचे ऋण मानणाऱ्याने त्यांच्या जागरणाची नक्कल करण्यापेक्षा त्यांच्या कामाचा वारसा दीर्घकाळ पेलता येईल असे शरीर कमावणे अधिक उचित.

धम्माचे मार्गदर्शनही याच दिशेचे आहे. मोग्गल्लान स्थविर म्हणजे तथागतांच्या शिष्यांतले ऋद्धिबळात अग्रगण्य. आजच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर संघातले महावीर. तेही एकदा मगधातल्या एका गावी ध्यानाला बसले असता डुलक्या घेऊ लागले, अशी कथा अंगुत्तर निकायात आहे. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली नाही. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले: ऐकलेल्या धम्माचे मनन कर, त्याचे पठण कर, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, तारे पाहा, मनात प्रकाशाची भावना कर, चंक्रमण कर. आणि एवढे करूनही डुलकी सरली नाही तर? तर उजव्या कुशीवर, स्मृती जागी ठेवून, झोप. मात्र जाग येताच उठ. आळस आणि झोपेची खरी गरज यांतला भेद इतक्या करुणेने आणि व्यवहारबुद्धीने क्वचितच कोणी सांगितला असेल. भिक्षूच्या जागरूकतेचा जो क्रम सुत्तांत येतो, त्यातही रात्रीचे पहिला आणि शेवटचा असे दोन याम साधनेला दिले आहेत. मधला याम विश्रांतीचा आहे. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोणाला तथागतांनी वीणेच्या तारांची आठवण दिली होती, तीही याचसाठी: फार ताणलेली तार वाजत नाही, फार सैल सोडलेलीही वाजत नाही.

याचा पुरावा पाहायला दूर जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या विहारांतल्या छोट्या खोल्यांत कातळातच कोरलेले ओटे दिसतात. भिक्षू त्यांवर निजत. ज्यांनी चैत्य कोरला, पाण्याच्या पोढी खोदल्या, त्यांनी झोपेलाही दगडात जागा दिली. मऊ गादी दिली नाही, पण जागा नाकारलीही नाही. मध्यम मार्ग याहून ठळक अक्षरांत कसा लिहावा?

तेव्हा या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेपुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहाटे पाचला वंदनेची घंटा व्हायची असेल, तर रात्री नऊला दिवे मालवलेच पाहिजेत. तेव्हा कुठे किमान आठ तासांचा हिशेब जुळतो, आणि लहान वर्गांना त्याहूनही आधी निजवावे लागेल. अभ्यासिका संध्याकाळी लवकर उघडावी. पांघरुणातल्या मोबाईलचा बंदोबस्त दंडापेक्षा समजुतीने आणि नियमित वेळेने करावा. सत्कारसमारंभात ‘रात्रंदिवस जागून यश मिळवले’ हे वाक्य आपण वक्त्यांनीच टाळावे. घरी सुटीत गेलेल्या मुलाला शांत झोप मिळते का, याची पालकसभेत आस्थेने विचारपूस व्हावी.

फास्टर फेणे मुलांनी जरूर वाचावा. धाडस, कुतूहल आणि दुसऱ्यासाठी धावून जाण्याची वृत्ती तिथे शिकायला मिळते. फक्त वाचून झाल्यावर पुस्तक उशाशी ठेवावे आणि दिवा मालवावा. लेखकाने कोऱ्या सोडलेल्या जागेत नायकही झोपलाच असणार. नाहीतर दुसऱ्या दिवशी सायकल कोणी चालवली असती?