लेखनाचा तास

द्वितीय सत्राच्या परीक्षा आटोपून उत्तरपत्रिकांची तपासणी हातावेगळी होत आली, म्हणजे आमच्या महाविद्यालयीन अध्यापकवर्गात एक संकल्प दरवर्षी नव्याने उच्चारला जातो, तो असा की, वर्षभर पडून राहिलेला शोधनिबंध या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरा करावयाचाच. संकल्प प्रामाणिक असतो, विषय आवडीचा असतो आणि पुष्कळदा साधनेही जमलेली असतात. परंतु निकालाची कामे, मूल्यांकनाचे अहवाल, प्रवेशप्रक्रियेची पूर्वतयारी, घरातील एखादे कार्य आणि गावाकडची अपरिहार्य खेप यांत मे महिना सरून जातो, आणि नव्या वर्गाची नावे हजेरीपटावर चढू लागतात तेव्हा निबंधाचा मसुदा मार्चमध्ये होता तेथेच असतो. या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांतून हीच कैफियत इतक्या विद्वान आणि कष्टाळू लेखकांकडून वारंवार येते की, तिचे कारण त्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल, असे आमचे ठाम मत झाले आहे.

आमच्या मते या अडचणीच्या मुळाशी एक समजूत आहे. गंभीर लेखनाला दीर्घ, सलग आणि निर्वेध सवड लागते, आणि ती लाभेपर्यंत लेखणी हाती घेण्यात अर्थ नाही, ही ती समजूत होय. तिच्या पुष्ट्यर्थ लोकमान्य टिळकांचा दाखला अनेकदा दिला जातो. मंडालेच्या तुरुंगात सक्तीची निवृत्ती मिळाली म्हणूनच 1910-11 च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, गीतारहस्याचे हस्तलिखित सिद्ध झाले, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीता वाचून दाखविण्याचा प्रसंग टिळकांवर 1872 साली आला, तेव्हापासून गीतेचे तात्पर्य काय हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता, आणि पुढील अडतीस वर्षांत वृत्तपत्र, सभा, खटले आणि राजकारण यांच्या धकाधकीतही त्या प्रश्नाशी त्यांचा संबंध तुटला नाही, हे त्याच इतिहासाचे अर्धे अंग विसरले जाते. तुरुंगातील एकान्ताने जे कागदावर उतरविले, त्याची जुळणी एकान्ताबाहेरच झालेली होती.

याहूनही आपल्या नित्याच्या परिस्थितीला जवळचा असा दाखला महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा आहे, आणि त्याचा तपशील आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा अशी आमची विनंती आहे. नीलकंठाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाचे संपादन करीत असता धर्मशास्त्राच्या इतिहासाविषयी एक प्रस्तावना जोडावी, एवढाच काणे यांचा आरंभीचा मनोदय होता. ती प्रस्तावना वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली, आणि त्याचा पहिला खंड 1930 साली, तर पाचव्या खंडाचा अखेरचा भाग 1962 साली, म्हणजे ग्रंथकाराच्या वयाची ब्याऐंशी वर्षे होत असताना प्रसिद्ध झाला. या अवधीत मुंबई उच्च न्यायालयातील वकिली, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे सदस्यत्व या जबाबदाऱ्या त्यांच्यावर होत्या, आणि त्यांपैकी एकही नाममात्र नव्हती. संपूर्ण ग्रंथाची पृष्ठे साडेसहा हजारांच्या घरात भरतात. बत्तीस वर्षांवर ती वाटून पाहिली तर सरासरी आठवड्याला चार मुद्रित पृष्ठे पडतात, आणि 1930 पूर्वीच्या तयारीची वर्षे हिशेबात धरली तर त्याहूनही कमी. तळटीपांनी भरलेली ती पृष्ठे लिहिण्यास लागणारी विद्वत्ता आपणांपैकी फारच थोड्यांपाशी आहे. पण आठवड्याला चार पृष्ठे हे प्रमाण मात्र कोणाही अध्यापकाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ज्या ग्रंथाकडे पाहून छाती दडपते, तो असा बेताच्या आठवड्यांनी उभा राहिलेला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीही 'रियासत' या इतिहासग्रंथमालेचे लेखन बडोदे सरकारच्या नोकरीत, महाराजांच्या सेवेची सर्व बंधने पाळून आरंभिले आणि वाढविले. 1925 साली निवृत्त होऊन कामशेतला राहावयास जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली असती, तर रियासतीचे आरंभीचे खंड लिहिले गेलेच नसते.

अलीकडच्या काळात या प्रश्नाचा पद्धतशीर विचारही झालेला आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांच्या सवयींचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले, आणि थोडा थोडा वेळ पण नियमाने लिहावयास बसणारे अध्यापक, मुदत जवळ आल्यावर दिवसरात्र एक करून लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक पृष्ठे लिहितात आणि त्यांना नव्या कल्पनाही अधिक सुचतात, असा निष्कर्ष काढला. मात्र या निष्कर्षाचे पुढे रोज लिहिलेच पाहिजे अशा कडक व्रतात रूपांतर झाले, ते आम्हांस मान्य नाही. न्यूझीलंडमधील हेलन स्वोर्ड यांनी अनेक देशांतील विद्वान लेखकांच्या मुलाखती घेऊन 2017 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात विपुल लेखन करणाऱ्यांच्या सवयी परस्परांहून पुष्कळच भिन्न असल्याचे, आणि त्यांतील कित्येकजण रोज लिहीत नसल्याचे आढळून आले. तेव्हा नियम रोजचाच असावा असा आमचा आग्रह नाही. आठवड्यातील दोन किंवा तीन बैठकी आगाऊ मुक्रर कराव्यात, त्यांचा वार आणि वेळ ठरलेली असावी, आणि वर्गावरील तासाइतकीच ती बैठक बंधनकारक मानावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. आपल्या वर्गाचा तास आहे हे सांगून आपण प्राचार्यांच्या दालनातील चर्चाही मध्येच सोडून उठतो आणि त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही. लेखनाच्या तासालाही हीच प्रतिष्ठा प्रथम लेखकाच्या स्वतःच्या मनात मिळाली पाहिजे.

बैठक पाऊण तासाची असली तरी चालते, परंतु त्या पाऊण तासाचे काम आधी ठरलेले असावे. "निबंध लिहिणे" हे काम नव्हे. त्यात दहा निरनिराळी कामे अनिर्णित स्थितीत कोंबलेली असतात, आणि त्यांतील कोणते आज करावयाचे हे ठरविण्यातच वेळ निघून जातो. दुसऱ्या कोष्टकाचे विवेचन लिहिणे, अमुक ग्रंथकाराच्या आक्षेपास उत्तर देणे, पहिल्या विभागातील पुनरुक्ती काढणे, अशा रीतीने कामाची मर्यादा आखलेली असावी. बैठक संपविताना मसुद्याच्या तळाशी पुढील बैठकीचे काम दोन ओळींत नोंदवून ठेवावे. तीन दिवसांनी परत येताना सूत्र पुन्हा शोधण्याचा शीण त्यामुळे वाचतो. प्रथम मसुदा आणि त्याचे परिष्करण ही दोन कामे मात्र एका बैठकीत करू नयेत. प्रत्येक वाक्य घासूनपुसून मगच पुढे जाण्याची सवय आपल्याकडे परीक्षकवृत्तीतून येते, आणि तिच्यामुळे पहिला परिच्छेद अत्यंत सुबक व निबंध अपुरा अशी स्थिती होते.

खंडित वेळात लिहावयाचे तर लेखनाहून अधिक काळजी टाचणांची घ्यावी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम आरंभिले, तेव्हा सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांचे संदर्भ चिठ्ठ्यांवर उतरवून घेण्यात आले. त्या चिठ्ठ्यांची संख्या जवळजवळ एक कोटी आहे, आणि कोशाचा पहिला भाग प्रसिद्ध होण्यास 1976 साल उजाडले. चिठ्ठी लिहिणारा अभ्यासक एक आणि तिचा उपयोग करणारा संपादक दुसराच, तोही कित्येक वर्षांनंतरचा, हे गृहीत धरूनच ते दफ्तर रचलेले आहे. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी आणि कोणत्या वाक्यात आला, याची नोंद चिठ्ठी लिहितानाच करावी लागली. कामात गुंतलेल्या अध्यापकाची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. ऑगस्टमध्ये टाचण करणारा आणि जानेवारीत त्यावरून लिहिणारा मनुष्य नावाने एकच असला, तरी मधल्या पाच महिन्यांत त्याला आपण ते वाक्य का उतरवून घेतले याचा विसर पडलेला असतो. यास्तव टाचणावर ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठांक यांच्याबरोबरच, हे आपल्या कोणत्या मुद्द्याच्या उपयोगी पडेल याविषयी स्वतःचे एक वाक्य अवश्य लिहावे, आणि ग्रंथकाराचे शब्द कोणते व आपले कोणते हे स्पष्ट ओळखू येईल अशी खूण करावी. संपादक या नात्याने आम्ही निश्चयाने सांगू शकतो की, वाङ्मयचौर्याचे जे आरोप लेखकांच्या वाट्यास येतात, त्यांतील कित्येकांचा उगम दुष्ट हेतूत नसून अशा बिनखुणेच्या टाचणांत असतो, आणि अशा लेखकांना झालेले दुःख आम्ही जवळून पाहिलेले आहे.

लेखकांचा वेळ जेथे सर्वांत अधिक व्यर्थ जातो, ते स्थळ मात्र निराळेच आहे. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांपैकी फार मोठा भाग पीएच.डी.च्या प्रबंधातील प्रकरणांचा असतो. त्यांत पूर्वसूरींच्या मतांचा आढावा दहा-बारा पृष्ठे चालतो, व्याख्यांची परंपरा सांगितली जाते, आणि लेखकाचा स्वतःचा प्रश्न तेराव्या पृष्ठावर, तोही एखाद्या गौण वाक्यात, प्रकट होतो. प्रबंधात परीक्षकांना आपल्या व्यासंगाची खात्री पटवून द्यावयाची असते, म्हणून तेथे तो विस्तार क्षम्य आहे. निबंधाच्या वाचकाला प्रश्न हवा असतो. आपल्या निबंधाचा प्रश्न एका वाक्यात आणि त्याचे उत्तर तीन वाक्यांत लिहिता येईपर्यंत पुढे लिहूच नये. ती चार वाक्ये साधण्यास एक अख्खा महिना लागला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे, कारण त्यानंतर कोणते टाचण घ्यावे आणि कोणते टाकावे याचा निर्णय आपोआप होत जातो.

येथवर लिहिले ते ज्यांच्या हाती आपला थोडा तरी वेळ आहे त्यांच्यासाठी झाले. पण ज्यांच्या हाती तोही नाही, त्यांना पहाटे चार वाजता उठून लिहा असा उपदेश करणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते. अध्यापिकांच्या घरी पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही वेळा बहुधा आधीच नेमलेल्या असतात. डबे, मुलांची शाळा, वृद्धांची औषधे यांना मुदतवाढ मिळत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेले आमचे तरुण सहकारी एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात एसटीने जातात, तासांच्या हिशेबाने मानधन घेतात, आणि सुट्टीच्या महिन्यांत तेही त्यांना मिळत नाही. या दोन्ही वर्गांत उत्तम संशोधनबुद्धी आहे हे आमच्या गेल्या काही वर्षांच्या अंकांवरूनही दिसून येईल. त्यांच्या लेखनाला वेळ मिळवून देणे ही वैयक्तिक शिस्तीची बाब राहत नाही. ती संस्थेची जबाबदारी ठरते.

या जबाबदारीला नियमाचा आधारही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीप्रमाणे अध्यापकाने आठवड्यास 40 तास काम करावयाचे असून, त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने 16 आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी 14 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे अशी तरतूद आहे. शिवाय 2010 च्या नियमावलीत अध्यापकाच्या संशोधनकार्यासाठी आठवड्यास किमान 6 तास राखून ठेवण्याचाही उल्लेख होता. हे 6 तास किती महाविद्यालयांच्या वेळापत्रकांत लिहिलेले आढळतात? पदोन्नतीच्या वेळी प्रकाशनांचे गुण मोजले जातात, परंतु ती प्रकाशने ज्या वेळात निर्माण व्हावयाची, त्या वेळाची नोंद कोठेच नसल्यामुळे प्रत्येक समिती, प्रत्येक परिपत्रक आणि प्रत्येक तातडीचा अहवाल तोच वेळ मोकळा समजून त्यावर हक्क सांगतो. नव्या वर्षाचे वेळापत्रक लवकरच आखले जाईल; ते आखताना प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी प्रत्येक अध्यापकाच्या रकान्यात, तासिका तत्त्वावरील अध्यापकांनाही न वगळता, आठवड्यातून दोन सलग तास लेखनासाठी लिहून ठेवावेत, त्या वेळी सभा बोलावू नयेत, आणि ग्रंथालयातील एक खोली त्या वेळापुरती त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी. याला जादा निधी लागत नाही, वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीचीही गरज नाही. त्याच खोलीत महिन्यातून एकदा तीन-चार सहकाऱ्यांनी परस्परांची अपुरी पृष्ठे वाचून त्यांवर मोकळेपणाने मत द्यावे. अध्यापिकांना हे कामाच्या वेळातच करता आले तर त्याचा लाभ त्यांना सर्वांत अधिक होईल.

आमच्या बाजूने आम्ही पुढील अंकापासून दोन गोष्टींची तजवीज करीत आहोत. एखादे नवे कागदपत्र, एखादे क्षेत्रनिरीक्षण किंवा एकच मर्यादित मुद्दा मांडणारी 1500 शब्दांपर्यंतची टिपणे आम्ही पूर्ण निबंधांच्या बरोबरीने, त्याच परीक्षणानंतर, प्रसिद्ध करू. आणि कोणत्याही हस्तलिखितावरील परीक्षकांचे अभिप्राय हस्तलिखित आमच्याकडे पोहोचल्यापासून आठ आठवड्यांच्या आत लेखकाला कळवू. ज्या महाविद्यालयांत लेखनाचे तास वेळापत्रकात घातले जातील, तेथील विभागप्रमुखांनी पहिल्या सत्राअखेर आपला अनुभव, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्हांस लिहून कळवावा. जानेवारीच्या अंकातील पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.