पहिली ते तिसरीच्या मुलांना शब्द संदर्भातून शिकता यावेत, यासाठीचे मागणीपत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नाशिक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
1. मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती बागलाण, सटाणा
2. मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, नाशिक
3. मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

महोदय,

नामपूर आणि मोसम खोऱ्यातील गावांमध्ये पहिली ते तिसरीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत. यात वेतन, बदली किंवा बढती यांपैकी एकही विषय नाही. लहान मुलाला शब्द कसा शिकवावा, एवढाच विषय आहे. पुढच्या सगळ्या इयत्तांचे शिक्षण यावर उभे राहते, म्हणून आम्ही तो स्वतंत्रपणे मांडत आहोत.

आमची भूमिका

आमच्या वर्गांतली बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. काही घरांत भिल बोली आहे, काहींत कोकणा. पहिलीत आलेले मूल ‘मना डोया दुखस’ म्हणते आणि पुस्तकात ‘माझा डोळा दुखतो’ असे असते. या मुलाकडे भाषा भरपूर आहे. कांद्याचे रोप, लागण, निंदणी, काढणी, गोल्टी, लिलाव, तोलाई हे शब्द त्याला पाठ करावे लागलेले नाहीत. ते त्याला आईबापांच्या कामात, बोलण्यात, पुन्हा पुन्हा भेटले. शाळेत मात्र शब्द पाठाखालच्या यादीत येतो. त्याच्यापुढे एक अर्थ असतो, तो वहीत उतरवला जातो, परीक्षेत लिहिला जातो आणि सुट्टीत विसरला जातो.

‘चाळ’ हा साधा शब्द घ्या. यादीत त्याचा अर्थ ‘ओळीने खोल्या असलेली इमारत’ असा दिला, की आमच्या मुलाचा गोंधळ होतो, कारण त्याच्या चाळीत उन्हाळ कांदा साठवलेला असतो. तेच शिक्षकाने आधी ‘आपल्याकडची चाळ कशी असते?’ असे विचारले, की मुले सांगतात: लांबलचक, कप्प्यांची, हवा खेळणारी. तिथून मुंबईच्या चाळीतल्या शेजारी-शेजारी खोल्यांपर्यंत जायला वेळ लागत नाही. पुढे नाचणाऱ्याच्या पायातले चाळही येतात. एकाच शब्दाचा अर्थ वाक्यागणिक बदलतो, हे सात वर्षांच्या मुलाला कळते आणि ते पुढच्या अनोळखी शब्दालाही आजूबाजूच्या वाक्यावरून अंदाज लावू लागते.

अमूर्त शब्दांचेही असेच आहे. मोसम आणि आरम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेण्याची सामूहिक सिंचन पद्धत, आहे. बंधारा, पाट, चारी, सांडवा हे शब्द तिने या खोऱ्याला दिले. पाण्याच्या पाळीवरून ‘क्रम’, ‘वाटप’, ‘हक्क’, ‘न्याय’ हे शब्द जितके स्पष्ट होतात, तितके कोणत्याही व्याख्येने होत नाहीत. कांदा निवडताना होणाऱ्या प्रतवारीवरून ‘वर्गीकरण’ हा परिसर अभ्यासातला जड शब्द दुसरीतल्या मुलालाही झेपतो.

केवळ संदर्भ पुरेसा असतो, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील अभ्यासक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्येच दाखवले, की पाठातील अनेक वाक्ये अनोळखी शब्दाचा अर्थ उलगडत नाहीत आणि काही तर चुकीच्या अर्थाकडे नेतात. म्हणून शिक्षकाने सोप्या भाषेत अर्थ सांगणे, मुलाकडून तो शब्द त्याच्या वाक्यात वदवून घेणे आणि काही दिवसांनी तो पुन्हा नव्या प्रसंगात आणणे, या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांना वेळ लागतो, पुस्तके लागतात आणि शिक्षकाला मोकळीक लागते. आमच्या मागण्या त्यासाठीच आहेत.

आधार

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्याच परिसरातल्या पाना-बियांपासून, शंख-शिंपल्यांपासून सुरू केले. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था आजही बालशिक्षण आणि आरंभिक वाचनावर काम करते आहे.

कायदाही आमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 29 शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे, असे सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देते. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य आहे. त्यातली गती घड्याळावर मोजता येते. अर्थ समजला की नाही, हे पाहायला मुलाशी बोलावे लागते. तपासणीत पहिली गोष्ट होते आणि दुसरी राहून जाते, ही आमची खरी चिंता आहे.

मागण्या

1. पहिली ते तिसरीच्या चाचण्यांतून सुट्या शब्दांचे अर्थ लिहिण्याचे व जोड्या लावण्याचे प्रश्न कमी करावेत. त्यांच्या जागी छोटा उतारा देऊन ‘इथे या शब्दाचा अर्थ काय?’, ‘हा शब्द वापरून तुझ्या घरची गोष्ट सांग’ असे प्रश्न असावेत. यांतील निम्मे प्रश्न तोंडी असावेत. जे तपासले जाते तेच वर्गात शिकवले जाते, म्हणून ही मागणी पहिली ठेवली आहे.

2. वेळापत्रकात रोज 20 मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवण्यासाठी आणि तिच्यावर गप्पांसाठी राखून ठेवावीत. कायद्यानुसार या इयत्तांना वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन अपेक्षित आहे. त्यातले हे सुमारे 67 तास होतात. अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती आम्हाला मान्य नाही. शब्द कळलेले मूल गणिताचे शाब्दिक उदाहरणही लवकर सोडवते.

3. पहिली ते तिसरीच्या प्रत्येक वर्गात, मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टींची सचित्र पुस्तके द्यावीत आणि दरवर्षी त्यांत भर घालावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक प्रत्येक शाळेत नियमित यावे. फाटलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे लेखी कळवावे. वसुलीच्या धास्तीने पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात.

4. अहिराणी, भिल आणि कोकणा बोलींतल्या शब्दांवरून प्रमाण मराठीकडे नेणारे सचित्र परिसर-शब्दसाहित्य जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तयार करावे. ते तयार करताना या बोली बोलणारे शिक्षक, शेतकरी, मजूर आणि आजी-आजोबा यांना सोबत घ्यावे व मानधन द्यावे. बोलीमुळे प्रमाण मराठी कच्ची राहते, असा आक्षेप घेतला जातो. आमचा अनुभव याच्या उलट आहे. ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवले, तर ते ‘डोळा’ही म्हणत नाही. त्याचे ऐकून घेतले, तर ते दोन्ही म्हणते आणि कुठे काय म्हणायचे, हेही त्याला कळते.

5. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्यक्ष मुलांसमोर एक पाठ घेतला जावा आणि त्यावर चर्चा व्हावी. परिपत्रकांच्या वाचनाला वेगळा वेळ ठेवावा.

6. बाजार समितीतला लिलाव, बंधारा, पाट, कांदा चाळ, टपाल कार्यालय अशा जवळच्या ठिकाणी मुलांना नेण्याची परवानगी मुख्याध्यापक व शालेय व्यवस्थापन समितीच्या पातळीवर मिळावी. या भेटींसाठी शाळेला थोडा स्वतंत्र निधी द्यावा.

7. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत. मुलाशी बोलायला शिक्षक वर्गातच नसेल, तर वरच्या मागण्या मान्य होऊनही त्यांचा उपयोग होणार नाही.

8. अंगणवाडी सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांची वर्षातून दोनदा एकत्र बैठक व्हावी. मुले कोणत्या गोष्टी, गाणी, शब्द घेऊन शाळेत येत आहेत, हे पहिलीच्या शिक्षकाला आधी कळले पाहिजे.

आमची हमी

मागण्या करताना आमची जबाबदारीही आम्ही लिहून देत आहोत. संघटनेचा प्रत्येक सभासद आपल्या वर्गात रोज वाचून दाखवेल. मुलांनी वापरलेल्या नव्या शब्दांची नोंद भिंतीवर सर्वांना दिसेल अशी ठेवेल. बोली बोलल्याबद्दल कोणत्याही मुलाला टोकणार नाही. परिसर-शब्दसाहित्यासाठी लागणारे शब्द, चित्रे आणि गोष्टी जमवण्याचे काम आम्ही वर्गाच्या वेळेबाहेर करू. पालकसभेत आईवडिलांना आम्ही एवढेच सांगू, की शेतात, चुलीपाशी, बाजारात मुलाशी बोला आणि त्याच्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्या.

विनंती

पहिल्या, दुसऱ्या व पाचव्या मागणीला नव्या पैशाची गरज नाही. आपल्या आदेशाने त्या येत्या सत्रापासून अमलात येऊ शकतात. त्यांचा निर्णय आधी व्हावा. उर्वरित मागण्यांसाठी आपण, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक एका महिन्याच्या आत नामपूरला बोलवावी. त्या दिवशी दुसरीच्या एका वर्गात आपण स्वतः पूर्ण तास बसावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मुले कोणते शब्द जाणतात आणि कोणते केवळ पाठ करतात, हे आपल्याला तिथेच दिसेल.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
नामपूर परिसरातील प्राथमिक शिक्षकांची संघटना
नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक