हप्त्यापलीकडचं काही बोलू नका

बेळगावजवळच्या येळ्ळुरात घर घ्यायला निघालेल्या जोडप्याला एकच प्रश्न विचारतात, ‘हप्ता बसतोय न्हवं?’ बसतो म्हटलं की विषय संपला. मग पेढे, मग वास्तुशांतीची तारीख. किती वर्षं बसणार आणि तो बसल्यावर उरलेल्या संसाराला टेकायला जागा राहणार का, असं विचारणारा अपशकुनी ठरतो. तो अपशकुनी माणूस मी.

साधा हिशेब मांडतो. समजा नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात, हातात 32 हजार. बायको खासगी शाळेत, 14 हजार. मिळून 46. वडगावच्या बाजूला 40 लाखांचं तयार घर आवडलं, 30 लाखांचं कर्ज ठरलं. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता पडतो 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 निव्वळ व्याज. मुद्दल फिटतं पाच हजारांहूनही कमी. 20 वर्षांत बँकेला जाणार जवळजवळ साडेबासष्ट लाख. हे कुणी लपवलेलं नाही, कागदावर छापलेलं असतं.

राहिलेले 10 लाख स्वतःचे, असं म्हणत छाती पुढे काढणारे नोंदणीच्या दिवशी गार पडतात. 5 टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर उपकर आणि अधिभार. शिवाय कर्नाटक सरकारने 31 ऑगस्ट 2025 पासून 1 टक्क्याचं 2 टक्के केलेलं नोंदणी शुल्क. 40 लाखांवर तीन लाख सहज उडतात. कर्ज ठरवताना एवढ्या किमतीच्या घरात हा खर्च धरायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणजे पैसे खिशातूनच. खिसा रिकामा असला की बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत जातात, आणि ‘हप्ता बसतोय’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर दुसरा हप्ता बसतो. त्याची नोंद घराच्या हिशेबात नसते.

पण खरी फसगत याहून मोठी आहे, आणि ती बँकेने केलेली नाही. एकत्र घरात राहणारा पोरगा स्वतःचा खर्च मोजतो तेव्हा त्याला वाटतं, आपण 15 हजारांत भागवतो. तू भागवत नाहीस बाबा, घर भागवतं. तांदूळ शिवारातला. येळ्ळूरच्या बासमतीचं नाव लोक बेळगावच्या बाजारात विचारत येतात, तो तुझ्या ताटात फुकट पडतो. भात निघाल्यावर मसूर, वाटाणा. दूध गोठ्यातलं. तुझ्या पोराला तुझी आई सांभाळते. तिला पगार नाही, रजा नाही, आणि तिच्या जिवावर सूनबाई शाळेत शिकवायला जाते. घरभाडं शून्य. वडगावला बिऱ्हाड हललं की यातली प्रत्येक गोष्ट दुकानात जाऊन पैसे मोजून आणावी लागते. पाळणाघराला बायकोच्या 14 हजारांतले किती द्यायचे, हे घर बघायला जाताना मोटारसायकलवर कधी बोललात? टाइल्सचा रंग मात्र ठरला होता.

हप्ता गेल्यावर हातात राहतात 20 हजारांना थोडे कमी. त्यात किराणा, दूध, पाळणाघर, पेट्रोल, घरपट्टी, सासरकडचं लग्न, गणपती, औषधं. गृहज्योती योजनेमुळे विजेचं बिल वाचेल, हे एक समाधान. सरकारच्या कृपेवर 20 वर्षांचं गणित उभं करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि व्याजदर? मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून साडेसहावर गेला. कितीतरी कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून ते निवांत होते. वाढली होती ती मुदत. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं.

आता एक बोचणारं बोलतो. 2014 च्या जुलैमध्ये सीमावादातल्या ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ या फलकासाठी याच गावाने पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच गावचा माणूस घर घेताना कानडी खरेदीखतावर आणि इंग्रजी कर्जपत्रावर, एजंट बोट ठेवेल तिथे, एक ओळ न वाचता सह्या करतो. वकिलाला हजार-दोन हजार देऊन ते मराठीत समजावून घ्यायला याला पैसे जड होतात. वास्तुशांतीला चारशे पानं उठवताना होत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. कर्ज मंजूर व्हायच्या आधी सहा महिने दर पाच तारखेला 26 हजार वेगळ्या खात्यात टाका. मध्ये चांगळेश्वरीची यात्रा येऊ दे, शाळेची फी येऊ दे, पाहुणे येऊ देत. त्या पैशाला एकदाही हात लागला तर 30 लाखांचं नाव सोडा. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे सव्वापंधरा हजारांत, जेमतेम साडेसतरा लाखांचं कर्ज बसतं. तेवढ्यात शहरात घर मिळत नाही, म्हणता? मग वडिलांच्या घराशेजारी दोन खोल्या काढा. त्यासाठी भावांसमोर बसून वाटणी करावी लागेल, उताऱ्यावरची नावं सुटी करून घ्यावी लागतील. ते बोलणं 32 लाखांच्या व्याजापेक्षा जड वाटतं, म्हणूनच तर सगळे वडगावला घर बघायला पळतात.