मान एकीची, धड दुसरीचं

माणसाला निवृत्तीनंतर एखादा छंद असावा, असं निवृत्त न झालेली माणसं नेहमी सांगतात. माझ्या बरोबरीच्या मंडळींनी रीतसर छंद निवडले. कोणी पहाटे फिरायला जातो आणि येताना दुसऱ्यांच्या अंगणातली फुलं तोडून आणतो, कोणी ज्ञानेश्वरी वाचतो, कोणी सुनेच्या स्वयंपाकावर देखरेख ठेवतो. मी बास गिटारी जोडतो. ‘वाजवतो’ नाही, ‘बनवतो’ नाही, जोडतो. एकीची मान, दुसरीचं धड, तिसरीच्या खुंट्या आणि चौथीच्या पोटातल्या वायरी, असा तो एकत्र कुटुंबाचा मामला असतो. आणि हे सगळं मुंबईत नव्हे, कोलकात्यात नव्हे, तर वाशीम जिल्हा, मंगरूळपीर तालुका, मुक्काम शेलूबाजार.

समृद्धी महामार्गावरून खाली उतरायची एक जागा आमच्या गावाशी आहे, त्यामुळे गावाचं नाव हल्ली पाटीवर मोठ्या अक्षरांत वाचायला मिळतं. पण ती पाटी वाचून बास गिटार विचारायला कोणी उतरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पहिल्यांदा ती ओसरीवर टांगली तेव्हा शेजारचे गृहस्थ बराच वेळ खालून-वरून पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, हे काय होय? कापूस पिंजाचं होय काय?”

मी हसलो नाही. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मुद्दा चटकन पटला. आमचा मुलूख कापसाचा. गादी भरायला येणारा पिंजारी धनुकलीची तात ठोकायचा, तेव्हा जो ‘धुंई धुंई’ आवाज घरभर घुमायचा, तो बास गिटारीचाच चुलतभाऊ. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुधा चार. पण त्या जाडजूड. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हा आवाज कानापेक्षा छातीला जास्त ऐकू येतो. लग्नातल्या आचाऱ्यासारखी ती असते. तिचा फोटो कोणी काढत नाही, पण ती नसली तर पंगत उठते. शेजाऱ्यांना मी ती वाजवून दाखवली. ते म्हणाले, “आवाज तं काही येत नाही बाप्पा, पण माही भिंत हालून राह्यली.” बास गिटारीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

तेव्हा अज्ञानी माणसांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते जाणकारांशी. हा जाणकार शहरातून येतो. गिटार हातात घेतो, पण वाजवत नाही. तिच्या डोक्यावरची पाटी आधी पाहतो. पाटी नसली की भुवई वर जाते आणि तो प्रश्न येतो, “ओरिजिनल आहे का?” मी सांगतो, “जोड आहे.” मग तो ती अशी खाली ठेवतो, की स्थळ पाहायला आला असता मुलीच्या आजोळची काही भानगड कानावर यावी.

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच हा लेख.

पहिली गोष्ट. ज्या बास गिटारीच्या नावाने हे लोक कपाळाला हात लावतात, ती लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली बाजारात आणली. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. जुन्या पद्धतीत वाद्याची मान धडाला सरसानं कायमची चिकटवलेली असे. ती बिघडली की जन्माचं दुखणं. फेंडर यांनी सरस बाजूला ठेवला आणि मान धडाला चार स्क्रूंनी बसवली. करायला सोपी, काढायला सोपी, बदलायला सोपी. म्हणजे ज्या ‘ओरिजिनल’ची तुम्ही पूजा मांडता, तिच्या जन्मदात्यानंच ती उघडायची सोय करून ठेवली आहे. स्क्रू हा उघडण्यासाठी असतो, महाराज, ओवाळण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट. एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकानं १९७० साली अमेरिकेत सहा जुन्या गिटारी स्वस्तात घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक जोडली. तिचं नाव ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा ९,५९,५०० डॉलर आले. त्या जोडीला हे जाणकार हात जोडतात आणि माझ्या जोडीला नाक मुरडतात. म्हणजे आक्षेप जोडण्याला नाही. जोडणारा शेलूबाजारचा आहे, याला आहे.

परदेशाचं सोडा. मिरजेचा तंबोरा घ्या. मिरजेतली शिकलगार मंडळी मुळात हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतारी-तंबोऱ्यांना हात घातला. भोपळा पंढरपूर भागातल्या शेतातला, लाकूड तुणीचं, आणि हात तलवारी घासणारे. तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? पण त्या जोडातून जो ‘सा’ निघाला, त्यावर गवयांच्या पिढ्या गायल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपली पेटी पाहा. तिचं पेटंट पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ साली घेतलं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि ती खुर्चीवरून उतरून आपल्याबरोबर मांडी घालून बसली. तेव्हाही शुद्धतेचे पहारेकरी होतेच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. या तीस वर्षांत आमच्या भजनी मंडळांनी पेटी काही खाली ठेवली नाही. विठ्ठलानंही ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

आणि शेवटचा दाखला तर घरातला. कुठल्याही कार्याच्या आरंभी आपण ज्याला हात जोडतो, त्या गणरायाचं मस्तक कुठलं आणि धड कुठलं? त्याच्या मूर्तीपुढे उभं राहून गॅरंटी कार्ड मागणारा भक्त मी तरी पाहिला नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय, कशालाही काहीही जोडावं? मुळीच नाही. जोडणं हे लग्न जमवण्याइतकंच नाजूक काम आहे, आणि इथं पत्रिका खरोखरच पाहावी लागते. माथ्यावरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. जाड तारेला केसभर जास्त. नेहमीच्या बास गिटारीत ही सगळी लांबी ३४ इंच. पण ३० इंचांच्या आखूड मानाही असतात. माझ्या पहिल्या जोडीत मान होती ३० इंचांची आणि घोडी होती ३४ इंचांच्या हिशेबानं ठोकलेली. मोकळी तार गोड वाजायची, पण जसजसं बोट वरच्या पडद्यांकडे सरकावं, तसतसा सूर उतरत जायचा. बाराव्या पडद्यावरचा वरचा ‘सा’ तर दमेकरी माणसासारखा अर्ध्या जिन्यातच बसायचा. आमची ही आतून म्हणाली, “अहो, त्याला काही दुखतंय का?” नवं वाद्य नुसतं विकत घेणाऱ्याला हे बारा पडद्यांचं गणित आयुष्यात कळत नाही. जोडणाऱ्याला ते कळल्यावाचून गत्यंतर नसतं.

शिवाय चार तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोंची असते. म्हणजे एक खात्यापित्या घरचा माणूस रात्रंदिवस मानेला लोंबकळत असतो. म्हणून मानेच्या पोटात लोखंडी सळई असते. ती पिळून मान सरळ ठेवायची. धडातली खाच सैल असली तर लाकडाची पातळ पाचर घालायची. आयुष्यात पाचर मारणारे मला पुष्कळ भेटले. पाचरीचा सदुपयोग मात्र इथंच कळला. पोटातल्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावून तो अर्थिंगला जोडला नाही, तर गाणं सुरू व्हायच्या आधी भुंगे सुरू होतात. हे सगळं जुळलं, की छत्तीस गुण. न जुळलं, तर स्क्रू सोडवून पुन्हा मांडणी. ही सोय आपल्या विवाहसंस्थेत नाही.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता जिथं ती दुखते, तिथं येतो.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमांत बास वाजवतो. नववीत ध्वनीच्या धड्यावर त्याला मी नापास केलं होतं. वाद्य मालकाचं, त्याचं भाडं याच्या बिदागीतून कापलं जायचं. तो म्हणाला, “सर, मले एक सोताची पाह्यजे.” मी दीड महिना खपलो. मान मुंबईच्या भंगारातून आलेली. धड एका मोडक्या कपाटाच्या शिवणीच्या फळ्यांचं. शिवण हलकी, खांदा शाबूत राहतो. आधी एकदा सागवान वापरून पाहिलं होतं, तेव्हा वाजवणारा एका बाजूनं वाकून चालायला लागला. खुंट्या तीन सख्ख्या, चौथी सावत्र. पण वाजायला लागली तेव्हा समोरची भिंतसुद्धा हलली.

पोरगा खूश झाला. जाता जाता उंबऱ्यात थांबला. “सर, एक बोलू काय? रागावू नोका.”

“बोल.”

“इथं डोक्यावर ते मोठ्या कंपनीचं नाव चिपकवून देता काय? पन्नास रुपयात भेटते.”

“कायले?” रागाच्या भरात मी मास्तरकी विसरून वऱ्हाडीत गेलो.

“कंपनीची गिटार असन तं मालक रातचे दोनशे जास्त देते. गाडीत पुढं बसाले भेटते.”

मी त्याला व्याख्यान दिलं. पस्तीस मिनिटांचा तास होता, तो पूर्ण घेतला. जोडणं ही कला आहे, खोटी पाटी ही चोरी आहे. मान कोणाचीही लाव, नाव दुसऱ्याचं लावू नकोस. आपला जोड लपवावासा वाटला, त्या क्षणी जाणकार जिंकला, वगैरे. नववीत ऐकायचा तितक्याच शांतपणे त्यानं ते ऐकलं आणि कोऱ्या डोक्याची गिटार खांद्याला लावून गेला.

पुढे कळलं ते असं. मालकानं आवाज ऐकला, मान डोलावली, मग वर पाहिलं. पाटी नाही. दोनशे नाहीत. वीस रात्रींच्या लग्नसराईत हे चार हजार होतात. तत्त्व माझं, पैसे त्याचे गेले. मला पेन्शन आहे. पाटी न लावण्याची चैन मला परवडते. आणि ती चैन मी एका पोराच्या खिशातून केली, हे त्या दिवसापासून मला टोचतं आहे.

पाटी लावायला हवी होती का? नाही. अजूनही नाही. पण मग त्या दोनशे रुपयांचा जाब कोणीतरी द्यायला हवा, आणि तो मी त्या मालकालाही विचारणार नाही. बिचाऱ्याला लग्नघरचे लोक विचारतात, “सामान कंपनीचं आहे ना?” ते लग्नघर म्हणजे तुम्ही आणि मी. गाणं ऐकायच्या आधी पाटी वाचणारे आपण. डॉक्टरच्या हातापेक्षा त्याच्या मागच्या भिंतीवरच्या चौकटी मोजणारे, मुलाला काय येतं याच्या आधी कुठल्या कॉलेजातून आलं हे विचारणारे, आणि दुरुस्त केलेला मिक्सर पाहुण्यांपासून लपवणारे. खोटी पाटी पन्नास रुपयांत विकणारा चोर असेल. पण तिला दोनशे रुपये भाव आपण दिला. दुकान त्याचं, गिऱ्हाईक आपण.

महिन्याभरानं पोरगा परत आला. मी नजर चुकवत होतो. त्याच्या बगलेत एक गिटार होती, दुसऱ्या कोणा वादकाची. टेम्पोत तिच्या मानेवर स्पीकरचा खोका पडला होता. “सर, हे बी जोडून द्या. तो म्हणे, तुह्यावाणी आवाज पाह्यजे.”

“आणि पाटी?”

“पाटीचं तो काही बोलला नाही.”

ती जोडताना मी एक नवी रीत सुरू केली. मान बसवण्याआधी खाचेच्या तळाशी पेन्सिलीनं सगळी वंशावळ लिहिली. मान: मुंबईचं भंगार. धड: पहिलंच. खुंट्या: दोन-दोन, दोन घरच्या. पाचर: आमच्या जुन्या पाटाची, घरात सांगू नये. जोडणार: शेलूबाजार.

पोरानं वाकून वाचलं आणि म्हणाला, “पण सर, मान बसली का हे झाकल्या जाते. कोण वाचन?”

“जो पुढच्या वेळी जोडायला उघडेल, तो,” मी म्हटलं आणि चौथा स्क्रू पिळला.