डोक्यावरचा दगड

ट्रेकवाल्या ग्रुपवर 'या वीकेंडला कळमनुरी?' एवढंच टाकून बघा. पहिला रिप्लाय येणार, 'हे कुठे आलं?' तर बॉस, हे हिंगोली जिल्ह्यात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. राजगडासारखं काही इथे नाही. आहेत त्या काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्या, कयाधू नदी आणि ती पुढे जिला मिळते ती पैनगंगा.

हेरिटेज म्हणाल, तर जिल्ह्यात संत नामदेवांचं नर्सी आहे, औंढ्याचा नागनाथ आहे. ही यादी कुठलंही गाईडबुक देईल. मला सांगायचंय ते घराच्या छपरावरच्या दगडाबद्दल.

वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर जड दगड ठेवायचे. मराठवाड्यातलं कुठलंही गाव बघा, हा सीन दिसतोच. ना इंजिनिअर, ना बिल. टेकडीचा दगड फुकटच!

पण २१ मार्च २०२४ ला पहाटे हिंगोली भागात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने तेव्हा आवाहन केलं, पत्र्यांवरचे दगड काढून घ्या. १० जुलैला सकाळी सातच्या सुमारास पुन्हा ४.५. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातलं रामेश्वर तांडा. मोठं नुकसान झालं नाही, पण मराठवाड्यात कुणी किल्लारी विसरलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींखालीच हजारो माणसं गेली.

आता सांगा, दगड काढला तर वाऱ्यात छप्पर जाणार. ठेवला तर हादऱ्यात डोक्यात पडणार. काय करायचं?

गंमत बघा. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, विश्वाच्या टोकाकडून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. मस्तच, मला त्याचा अभिमानच आहे. पण पत्रा लोखंडी हुकने पक्का कसायला रॉकेट सायन्स लागत नाही. लागतात थोडे पैसे आणि एक चांगला मिस्त्री. नुसतं 'दगड काढा' म्हणून भागत नाही, हुकचंही कुणीतरी बघायला हवं.

आणि तुमचं गावाकडचं घर? दिवाळीला जाल तेव्हा फराळाआधी एकदा छपराकडे बघा.